जपमाळेचं उत्तर

अंधेरी (पूर्व)
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय जसिंता आत्या,

मठात फोन चालत नाही म्हणून हे कागदावर लिहितेय. पत्र लिहायची मला सवय नाही, जसं सुचेल तसं लिहिते.

काल आजीची महिन्याची मिस्सा झाली. गावठाणातलं प्रत्येक घर आलं होतं. फादर प्रवचनात म्हणाले, अपोलोनियाबाईंनी चाळीस वर्षं वेदीची वस्त्रं धुऊन इस्त्री केली आणि कधी कुणाजवळ त्याबद्दल बोलल्या नाहीत. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या हसल्या, कारण आजीने त्यातल्या प्रत्येकीला ते दहादा ऐकवलं होतं. मलाही हसू आलं आणि मग रडू. तू नव्हतीस. मयतालाही नव्हतीस. परवानगी मिळाली नसेल, मी समजू शकते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आजी रोज सात वाजता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून जपमाळ करायची, तुला माहीतच आहे. घरात चार माणसं असली की एकाने 'नमो मरिया'चा अर्धा म्हणायचा आणि बाकीच्यांनी 'पवित्र मरिया'चा. आजोबा गेल्यावर उत्तर द्यायला कोणी उरलं नाही. तरी आजी फक्त पहिला अर्धाच म्हणायची आणि थांबायची. मग पुन्हा पहिला अर्धा. लहानपणी मी एकदा मध्येच उत्तर द्यायला गेले तर तिने हात वर करून गप्प केलं. नंतर विचारलं, "आजी, दुसरा अर्धा कोण म्हणतं?" ती म्हणाली, "तो म्हटला जातो." मला वाटलं, मनातल्या मनात म्हणत असेल.

आत्या, तो अजून म्हटला जातोय.

हल्ली आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करते. गेल्या मंगळवारी सातला खिडकीशी हलकीशी पुटपुट ऐकू आली. मग शांतता. मग पुन्हा पुटपुट. मी खुर्चीजवळ जाऊन उभी राहिले. 'पवित्र मरिया'चा अर्धा होता, शब्द न् शब्द. मधली शांतता आजीच्या अर्ध्याएवढीच. मी मोजलं. त्रेपन्न वेळा. फोनवर रेकॉर्ड केलं तर त्यात फक्त माझा श्वास आहे.

मी वेडी झाले नाहीये. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझी,
शेरिल

◆

मठ, नाशिक
२१ फेब्रुवारी

प्रिय शेरिल,

तुझं पत्र मिळालं. ख्रिस्ताची शांती तुझ्या घरात राहो.

तू दहा वर्षं आजीबरोबर एका छताखाली काढलीस. तिचं पथ्यपाणी, तिची अंघोळ, तिचे शेवटचे दोन महिने, सगळं तू केलंस. असं माणूस गेल्यावर कान काही दिवस सवयीने ऐकत राहतात. आमच्याकडेही एक वृद्ध सिस्टर वारल्या, तेव्हा त्यांच्या काठीचा आवाज जिन्यावर महिनाभर येत होता. मग थांबला.

शिवाय गल्ली अरुंद आहे. वरच्या मजल्यावरच्या दशरथचा टीव्ही असेल. घरी जाता जाता कोणी तरुण मुलगा खिडकीखाली उभा राहून फोनवर बोलत असेल. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय?

सातला खिडकी लावून घेत जा. शक्य असेल तर त्या वेळी घराबाहेर राहा. आणि तू पहिला अर्धा म्हणून बघू नकोस. हे मी आत्या म्हणून सांगते.

मी आईसाठी रोज प्रार्थना करते.

प्रभूत तुझी,
सिस्टर जसिंता

◆

अंधेरी
२ मार्च

प्रिय आत्या,

दशरथकाका डिसेंबरपासून मुलाकडे मुलुंडला आहेत. वरच्या घराला कुलूप आहे.

आणि दुसरं. मी पत्रात फक्त पुटपुट लिहिलं होतं. बाईची की पुरुषाची, म्हाताऱ्याची की पोराची, काहीच लिहिलं नव्हतं. 'तरुण मुलगा' हे तू लिहिलंस. आवाज खरंच तरुण मुलाचा आहे. पंचवीसेक वर्षांचा. 'आमेन' म्हणताना किंचित खोकतो. तुला कसं कळलं?

तू सांगितल्यासारखं मी खिडकी लावली. आवाज काचेच्या पलीकडून येत राहिला. मी दार उघडून गल्लीत गेले. समोरच्या क्रुसाजवळ शेजारच्या जयाबाई वाती लावत होत्या. खिडकीखाली कोणी नव्हतं. पण बाहेरून ऐकलं तर तो आवाज आतून, खुर्चीच्या दिशेने येत होता. मी परत आत गेले तर पुन्हा बाहेरून. जयाबाईंना विचारलं, "काही ऐकू येतंय का?" त्या म्हणाल्या, "कुणीतरी रोझरी करतंय ना. तू नाहीस तर कोण आहे घरात?" मी म्हटलं, पाहुणे.

बुधवारी मी तुझं ऐकलं नाही. आजीची माळ घेऊन खुर्चीत बसले आणि 'नमो मरिया' सुरू केलं. तो गप्प झाला. मी पूर्ण दशक म्हटलं, दहाच्या दहा. उत्तर नाही. पण कोणीतरी ऐकत होतं, आत्या. दारात कोणी उभं असलं की पाठ असूनही कळतं ना, तसं. मी थांबल्यावर बाहेर कोणीतरी लांब श्वास सोडला आणि परत आपलं सुरू केलं, मी बसलेच नाही असं समजून.

मी त्याला हवं असलेलं माणूस नाही. मग कोण हवंय?

आजीच्या कपाटात पप्पांचे आणि तुझे फोटो आहेत. पण एका फोटोत तिघं आहात. तू मधे, रिबिनी बांधलेली. डावीकडे पप्पा. उजवीकडचा उंच मुलगा कोण? पप्पा एकदा म्हणाले होते की एक मोठा भाऊ काविळीने गेला. त्यापुढे एक शब्द बोलले नाहीत. आता तेही नाहीत, मी कुणाला विचारू?

शेरिल

◆

मठ, नाशिक
११ मार्च

प्रिय शेरिल,

तो इनास. आमचा थोरला भाऊ. १९७९ च्या मार्चमध्ये काविळीने गेला. त्या वेळी घरात फार दुःख झालं, म्हणून विल्सनने तुला सांगितलं नसेल. तुझे पप्पा मनाने हळवे होते.

लहानपणी जपमाळेचं उत्तर द्यायचं काम इनासचं होतं. आवाज चांगला होता. म्हणून तुझं पत्र वाचताना मला त्याची आठवण झाली असावी. एवढंच.

फादरना बोलावून घर आशीर्वादित करून घे. हा उपवासाचा काळ आहे, मी जास्त लिहू शकत नाही.

सिस्टर जसिंता

◆

अंधेरी
१९ मार्च

प्रिय आत्या,

फादर येऊन गेले. पवित्र पाणी शिंपडलं, चहा घेतला. सातला आवाज आला. आता मी घाबरत नाही, पण मला झोप लागत नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. परवा, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई दारात आली. सत्तरीची, सुती साडी, हातात पिशवी. म्हणाली, "अपोलोनियाताई आजारी आहेत का? काल आल्या नाहीत म्हणून बघूक इलंय." मी सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. उंबऱ्याच्या बाहेरच. मी आत चला म्हटलं तर म्हणाली, "नको गं बाय. या घरात मी कधी आले नाही. ताईंनी बोलावलं नाही आणि मी मागितलं नाही." पाणीसुद्धा पायरीवरच प्यायली.

तिचं नाव रत्नप्रभा. मूळची मालवणची, वडील परळच्या गिरणीत होते. ती इनासकाकाची बायको आहे. बायको, आत्या. कोर्टात लग्न केलेली. हे माझ्यापासून चाळीस वर्षं का लपवलं?

ती घाटकोपरला राहते. बालवाडीत शिकवायची. काका गेले तेव्हा लग्नाला सात महिने झाले होते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला, सोळा मार्चला, आजी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. लाल चौकटीचं लुगडं नेसून, डब्यात आपण सणाला करतो तसे पिठाचे फुगे तळून घेऊन. काही बोलली नाही, डबा ठेवला, तासभर बसली आणि निघाली. त्यानंतर दर वर्षी. चव्वेचाळीस वर्षं. घरी सांगायची, मालाडला मैत्रिणीकडे जाते. मागच्या वर्षी मीच तिला रिक्षात बसवून दिलं होतं, मालाडला म्हणून.

काकू बोलताना हळूहळू सावरल्या. मी विचारलं, "काका कसे गेले?" म्हणाल्या, "दुपारी चार वाजता. हॉस्पिटलात. माझ्या हातात हात होता." मग म्हणाल्या, "ताई एकदा म्हणाल्या होत्या, त्या दिवशी संध्याकाळी सातला तो घरी आला होता. मी काही बोलले नाही. आईला कोण काय सांगणार?"

आत्या, चारला गेलेला माणूस सातला घरी कसा येईल? त्या दिवशी तू एकोणीस वर्षांची होतीस. घरात होतीस. काय झालं ते मला सांग.

शेरिल

◆

मठ, नाशिक
४ एप्रिल

प्रिय शेरिल,

ईस्टर होऊन जाऊ दिला. त्याआधी माझ्याच्याने लिहिणं झालं नसतं.

पहिली गोष्ट. आईच्या मयताला यायची परवानगी मला नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती.

इनासने रत्नप्रभेशी लग्न केलं तेव्हा बाबांनी त्याचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं. आई बाबांच्या शब्दाबाहेर नव्हती. तिच्यासाठी चर्चबाहेरचं लग्न हे लग्नच नव्हतं. आणि मी? त्याच वर्षी माझं लग्न वांद्र्याच्या एका घरात ठरत आलं होतं. मुलगा मला आवडला होता. इनासची बातमी कळली आणि त्यांनी निरोप पाठवला, नको. मी महिनाभर इनासला मनात शिव्या दिल्या. तो आजारी आहे हे विल्सनला कुठून तरी कळलं होतं. तो मला म्हणाला, "जाऊन येऊ या ना." मी म्हटलं, "माझा कोणी भाऊ नाही."

१६ मार्चला सात वाजता आम्ही जपमाळेला बसलो. बाबा ड्युटीवर होते, आणि विल्सन अजून कॉलेजातून आला नव्हता. आई खुर्चीत, मी दाराजवळ जमिनीवर. आईने पहिला अर्धा म्हटला. मी तोंड उघडण्याआधी बाहेरून उत्तर आलं. खिडकीखालून. इनासचा आवाज मला ओळखायला वेळ लागला नाही. 'आमेन'ला खोकला. आई पुढचं म्हणत गेली, तो उत्तर देत गेला. मी गप्प बसले. माझ्या जागेवर तोच उत्तर देत होता, जसा लहानपणी द्यायचा. मला वाटलं, बरा होऊन आलाय, माफी मागायला आलाय, आता आई विरघळणार आणि माझं जे गेलं ते गेलंच.

तिसऱ्या दशकानंतर आईने माळ थांबवली. तिने जपमाळ कधी थांबवली नव्हती, माझ्या आजोबांचा प्राण जात होता तेव्हासुद्धा नाही. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "बाहेर कोण आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

कडी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

आई पुन्हा म्हणू लागली. त्यानंतर उत्तर आलं नाही. उरलेली दोन दशकं मी म्हटली. संपल्यावर मी दार उघडून पाहिलं, गल्ली रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की तो आदल्या दुपारी चारला गेला.

मी चौदा महिन्यांनी मठात आले. लोक म्हणाले, देवाने बोलावलं. मी कधीच कोणाला दुरुस्त केलं नाही.

आईला मी फसवलं, शेरिल. तिचा मुलगा दारात असताना तिला सांगितलं की कोणी नाही. ती पंचेचाळीस वर्षं त्याच्या उत्तरासाठी थांबत राहिली, आणि तिला का थांबावं लागतंय हे फक्त मला माहीत होतं.

जसिंता

◆

अंधेरी
१५ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी घाटकोपरला नेलं. तुझी परवानगी न घेता रत्नप्रभाकाकूंना वाचून दाखवलं. रागाव हवं तर.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "ताईंना ठाऊक होतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

गेल्या वर्षी सोळा मार्चला आजीने त्यांना सांगितलं. आजीचे शब्द काकूंनी जसेच्या तसे सांगितले. ते मी इथे उतरवते, माझं काही त्यात घालत नाही.

"पोटच्या पोराचा आवाज मला कळणार नाही होय? पहिल्या उत्तरालाच कळला. मी उठायला हवं होतं. पण उठले असते तर त्याच्या बापाचा शब्द मोडला असता, आणि बाहेर तो उभा असता तर मला त्याला घरात घ्यावं लागलं असतं. म्हणून पोरीला विचारलं. तिने नाव घेतलं असतं तर उठले असते. ती नाही म्हणाली. मला बरं वाटलं, रत्ना. तेवढा एक क्षण मला बरं वाटलं. तिच्या नाहीवर मी माझं नाही टाकलं आणि माळ पुढे ओढली. ती मठात गेली तेव्हाही मी तिला सांगितलं नाही की तुझा दोष नाही. सांगितलं असतं तर माझा निघाला असता."

काकूंनी विचारलं होतं, मग आता मुलीला पत्र का लिहीत नाही? आजी म्हणाली, "कागदावर काय लिहू? मी त्याच्यासाठी रोज जागा सोडते. तो रोज उत्तर देतो. पण आत येत नाही. दार कोणी उघडायचं ते आम्हा तिघांत अजून ठरलं नाही."

मी हे बसमध्ये परत येताना शंभर वेळा घोळवलं. सगळ्या गावठाणाला आजी संत वाटते. मला अजूनही वाटते. पण आता ती मला जास्त दिसते.

घरात बदल झालाय. परवापासून त्याच्या दोन उत्तरांमधली शांतता लांबत चाललीये. आधी आजीच्या अर्ध्याएवढी असायची. काल मी घड्याळ लावलं, एकेक चार मिनिटांची झाली. तो कुणाची तरी वाट बघतो. आणि आजीची खुर्ची मी रोज सकाळी खिडकीकडे तोंड करून ठेवते, ती संध्याकाळी दाराकडे वळलेली असते.

तू ये. या वेळी परवानगी माग.

शेरिल

◆

मठ, नाशिक
७ मे

प्रिय शेरिल,

आता शांतपणे लिहू शकते.

मदरांनी दोन दिवस दिले. शनिवारी, चार तारखेला, साडेसहाला तू मला किल्ली देऊन माझ्या सांगण्याप्रमाणे घाटकोपरला गेलीस. तुला बाहेर ठेवलं म्हणून तुला वाईट वाटलं, ते मला दिसलं. सोबतच्या सिस्टरलाही मी चर्चमध्ये थांबवलं. हे ज्यांच्यात घडलं त्यांच्यातच व्हायला हवं होतं.

चव्वेचाळीस वर्षांनी त्या घरात पाऊल टाकलं. फरशी बदललीये, भिंतींना गुलाबी रंग आलाय, पण आईच्या खोबरेल तेलाचा वास तोच. मी दार लावून कडी घातली. खुर्चीत बसले नाही. माझ्या जुन्या जागी, दाराजवळ जमिनीवर बसले. गुडघे आता वाकत नाहीत, भिंतीला धरून बसले.

सातला मी पहिला अर्धा म्हटला.

उत्तर आलं. लगेच. जणू तो तोंडाशी घेऊन उभा होता. शेरिल, मी चौसष्ट वर्षांची झाले आणि तो पंचविशीतच आहे. माझा थोरला भाऊ माझ्या नातवाच्या वयाचा वाटला. पहिलं दशक झालं, दुसरं झालं. मी रडत नव्हते. आम्ही लहानपणी जसं भराभर म्हणून संपवायचो तसं म्हणत होतो.

तिसऱ्या दशकानंतर मी थांबले. मी ठरवून थांबले नाही. ओठ हलेनात.

तेव्हा खुर्चीतून आईने विचारलं, "बाहेर कोण आहे?"

म्हातारपणीचा आवाज नव्हता, तेव्हाचाच होता. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. मी म्हटलं, "इनास आहे, आई."

मी कडीकडे हात नेला. मला वाटत होतं की हे मीच करायचं आहे, इतकी वर्षं त्याचसाठी जगले. तेवढ्यात खुर्ची सरकली. लाकूड फरशीवर घासतं तो आवाज. मग पावलं. आईचं डावं पाऊल ओढायची सवय तुला आठवत असेल. ती माझ्या शेजारून गेली. लुगड्याचा काठ माझ्या हाताला लागला, जाड, सुती, गार.

कडी मी काढली नाही. माझा हात हवेतच होता. कडी माझ्या डोळ्यांसमोर वर झाली आणि बाजूला पडली. दार उघडलं.

दारात मला कोणी दिसलं नाही. गल्लीत क्रुसापुढच्या पणत्या जळत होत्या. पण मी पाय जवळ ओढून घेतले. आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

उरलेली दोन दशकं मी एकटीने म्हटली. दोन्ही अर्धे. कोणी उत्तर दिलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

निघताना दार नुसतं ओढून घेतलं. कुलूप घालायचा धीर झाला नाही, म्हणून किल्ली जयाबाईंकडे दिली. तू आलीस तेव्हा घर उघडंच सापडलं असेल. त्याबद्दल माफ कर.

तुझी आत्या,
जसिंता

◆

अंधेरी
१६ मे

प्रिय आत्या,

घर उघडं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊला मी काकूंना घेऊन आले. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, पायरीपर्यंत तर चला. जयाबाईंनी किल्ली दिली आणि म्हणाल्या की सिस्टर कालच गेल्या, त्यानंतर दाराशी कोणी फिरकलं नाही. मी दार ढकललं. हललं नाही. कुलूप नव्हतंच, किल्लीचा काही उपयोग नव्हता. आतून कडी होती.

मी खिडकीतून पाहिलं. खोली रिकामी. खुर्ची भिंतीशी, आणि तिच्याशेजारी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून ठेवलेलं.

मी दोनदा दार वाजवलं, काही नाही. दशरथकाकांच्या मुलाला फोन करून सुतार बोलवावा असा विचार करत होते. तोवर काकू पुढे झाल्या. पदर सारखा केला. दारावर बोटांनी, अगदी हळू, दोन टकटक केल्या आणि म्हणाल्या, "ताई, मी रत्नप्रभा. येऊ का?"

कडी निघाल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. जयाबाईंनीही.

काकूंनी चप्पल काढली आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. मी त्यांच्या मागून गेले.

शेरिल